आधी नाल्याचे बिंदू, मग वेग

कन्नड तालुक्यात जमिनीचा उतार डोळ्यांआड करता येत नाही. कन्नड गावाच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग एकदम तुटते आणि औट्रम घाटाचा रस्ता सुमारे तीनशे मीटर खाली, चाळीसगावकडे उतरतो. कड्याच्या अलीकडे पडलेलं पाणी शिवनेतून गोदावरीला जातं, पलीकडचं गिरणेतून तापीला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली आणि खाली चाळीसगाव परिसरात पूर आला. अशा मुलखात शाळा, गोदाम किंवा वसतिगृह उभारायचं तर आराखडा भिंतींपासून सुरू होत नाही, जमिनीपासून होतो.

नेमका तिथेच हल्ली संगणक अडतो. ड्रोनची मोजणी येते, ती रेव्हिट या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली जाते, आणि मग एक बिंदू वर-खाली केला की पडदा गोठतो. रॅम वाढवा, नवं ग्राफिक्स कार्ड घ्या, असा सल्ला लगेच मिळतो. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा मशीन कमी पडत नाही. बिंदू जास्त झालेले असतात, आणि जिथे हवे तिथे नसतात.

हिशेब करून पाहा. १० हेक्टर जमीन म्हणजे १ लाख चौरस मीटर. दर १० सेंटिमीटरला एक बिंदू धरला तर १ कोटी बिंदू होतात. दर मीटरला एक धरला तर १ लाख. दर ५ मीटरला एक धरला तर अवघे ४ हजार. सॉफ्टवेअर हे बिंदू त्रिकोणांनी जोडतं, आणि त्रिकोणांची संख्या बिंदूंच्या जवळजवळ दुप्पट असते. ही जोडणी बहुधा बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ मध्ये मांडलेल्या नियमाने होते: त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळात चौथा बिंदू येता कामा नये. तुम्ही एक बिंदू हलवला की आजूबाजूचे त्रिकोण मोडतात आणि नव्याने जुळतात. त्यांच्याबरोबर काँटूर बदलतात, छेद बदलतात, कटिंग आणि भरावाचं माप बदलतं, जमिनीवर टेकवलेल्या वस्तूंची उंचीही बदलते. आपण जी वाट पाहतो ती या सगळ्या साखळीची.

२०२४ च्या आवृत्तीपासून रेव्हिटने जुना टोपोसरफेस बाजूला ठेवून टोपोसॉलिड आणला. आधीची जमीन म्हणजे जाडी नसलेला नुसता पृष्ठभाग होता. आता तिला स्लॅबसारखी जाडी आहे. काळी माती, मुरूम, खडक असे थर दाखवता येतात. आमच्या भागात, जिथे हात-दोन हात मातीखाली मुरूम लागतो आणि पायाचा खर्च त्यावर ठरतो, तिथे हा बदल फार उपयोगाचा आहे. पण जाडी आली की तळ आला, बाजू आल्या, म्हणजे भार वाढला. संपूर्ण मोजणी जशीच्या तशी ओतण्याची जुनी सवय आता जास्त महाग पडते.

मग कमी काय करायचं? इथे घाई नको. सोपा मार्ग म्हणजे सरसकट विरळणी: दर दहातला एक बिंदू ठेवा, बाकी पुसा. फाइल हलकी होते, पण दोन मीटर रुंदीचा नाला उरलेल्या बिंदूंच्या मधेच राहतो आणि नकाशावरून नाहीसा होतो. पडद्यावर जमीन छान सपाट दिसते. पावसाळ्यात पाणी मात्र जुन्याच वाटेने येतं. म्हणून बिंदू कमी करायचे ते सपाट शेतातून. काळ्या रानाच्या सलग पट्ट्यात दर १५-२० मीटरला एक बिंदू पुरतो. नाल्याचा वरचा काठ आणि तळ, बांधाचा माथा आणि पायथा, रस्त्याची कड, विहिरीचा काठ, खडकाचा तुटका कडा, जिथे जिथे उतार अचानक बदलतो तिथे मात्र एकही बिंदू सोडायचा नाही. सिव्हिल थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अशा काठाची रेषाच सांगता येते आणि त्रिकोण ती रेषा ओलांडत नाहीत. रेव्हिटमध्ये ती सोय हवी तशी नाही, म्हणून काठावर दाट बिंदू देऊन तेच काम साधावं लागतं.

विरळणीनंतर पडताळणी हवीच. मूळ बिंदूंची उंची आणि नव्या पृष्ठभागाची उंची यांतला फरक काढा. १० हेक्टरवर सरासरी १० सेंटिमीटरची चूक राहिली तर मातीकामात १० हजार घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे साडेतीन हजार ब्रास. मुरमाचा भाव, रॉयल्टी आणि डंपरच्या खेपा ज्यांनी मोजल्या आहेत त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

बाकीचे उपाय पटकन सांगता येतील. बांधकामाची जागा एका फाइलमध्ये, भोवतालचा डोंगर विरळ बिंदूंत दुसऱ्या फाइलमध्ये ठेवून जोडून घ्या. संपादन करताना थ्रीडी आणि छेदांचे व्ह्यू बंद ठेवा, एकच प्लॅन उघडा. काम होईपर्यंत काँटूर दाखवणं बंद करा.

एक गोष्ट मात्र कन्नडकरांनी विशेष लक्षात ठेवावी. आपल्याकडची डीजीपीएस मोजणी सहसा यूटीएम या निर्देशांक पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येते आणि कन्नडजवळ उत्तरेचा आकडा सुमारे २२ लाख ४० हजार मीटर असतो. रेव्हिट आपल्या आरंभबिंदूपासून १६ किलोमीटरच्या आतलीच भूमिती नेमकेपणाने हाताळतं. हे आकडे थेट आत घेतले तर रेषा थरथरतात, बिंदू नीट पकडले जात नाहीत, आणि दोष पुन्हा मशीनला दिला जातो. जमीन आरंभबिंदूजवळ आणा आणि खरे आकडे सर्व्हे पॉइंटवर नोंदवा.

थोडे पण अचूक बिंदू ही काही पळवाट नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू केलेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण याच पायावर उभं होतं. टेकड्यांचे माथे, देवळांची गोपुरं, एकमेकांना दिसतील अशी मोजकी ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी कमालीची काळजी. त्या मोहिमेवर असतानाच १८२३ मध्ये तो आपल्याकडच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढची अनेक दशकं भारताचे नकाशे त्या त्रिकोणांवर तोलले गेले. आज ड्रोन काही मिनिटांत लाखो बिंदू देतो आणि त्यामुळे कुठला बिंदू महत्त्वाचा हे ठरवायची सवय सुटते आहे, याची मला खरी काळजी वाटते. तो निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही. शेतात उभं राहून पाणी कुठून येतं हे शेतकऱ्याला विचारणारा माणूसच तो घेऊ शकतो.

म्हणून तरुण अभियंत्यांना आणि मोजणीचे पैसे देणाऱ्या मालकांनाही विनंती आहे. मोजणीचं काम देतानाच लेखी मागा: नाल्याचे काठ, बांध, विहिरी आणि रस्त्याच्या कडा वेगवेगळ्या लेयरमध्ये, नावं घालून. हे लिहून घेतल्याशिवाय मोजणीचा शेवटचा हप्ता देऊ नका.