साताऱ्याला मुक्कामाला या

सप्टेंबर उजाडला की शनिवारी-रविवारी समर्थ मंदिराच्या चौकात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं असतं. फुलं बघायची, फोटो काढायचे, दुपारी माघारी फिरायचं, जाता जाता किलोभर कंदी पेढे घ्यायचे आणि हायवे गाठायचा. सातारा 'झाला'.

मी चिमणपुऱ्यात राहते. इतिहास शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि आता घरी येणाऱ्या पाहुण्यांना हौसेनं गाव दाखवते. त्या हक्कानं सांगते, सातारा हे मुक्कामाचं गाव आहे. ते पाहुण्यांना कळायला हवं आणि त्याआधी आपल्या नगरपालिकेला, पर्यटन खात्यालाही.

पाहुण्यांना मी पहिल्यांदा अजिंक्यताऱ्यावर नेते, तेही पहाटे. वर गाडी जाते, पण पायी चढावं. निम्मं गाव तेव्हा वाटेवर भेटतं. वर मंगळाईचं दर्शन घ्यावं आणि तटावरून नजर फिरवावी. सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, चंदन-वंदन, वैराटगड असे सगळे सोबती ओळीनं उभे दिसतात. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेबानं या किल्ल्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी तो चार महिन्यांहून अधिक काळ झुंजवला. मोगलांनी तटाखाली पेरलेला सुरुंग उडाला तेव्हा त्याखाली त्यांचीच माणसं गाडली गेली. पुढे १७०८ साली थोरल्या शाहू महाराजांना याच साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि मराठ्यांच्या राज्याची गादी इथे आली. ज्या गावातून हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रं हलली, त्याला आपण चहाच्या थांब्याइतका वेळ देतो.

उतरताना चार भिंतीला थांबावं. १८५७च्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे आहे आणि सगळं गाव पायाशी पसरलेलं दिसतं. तिथून पेठांतून चालत राजवाड्याशी यावं. प्रतापसिंह महाराजांच्या नावाच्या इथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. ते बाबासाहेब आंबेडकर. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांच्या आईची, भीमाबाईंची समाधीही साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला सुरू केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्याला आली आणि इथूनच खेडोपाडी पोचली. कर्मवीरांची समाधीही इथेच आहे. शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसानं डोकं टेकवावं अशा या जागा आहेत. पण परगावच्या माणसाला त्या सापडाव्यात म्हणून रस्त्यावर धड पाट्या तरी आहेत का?

दुपारच्या जेवणाचं मात्र दुखणं आहे. पाहुणे विचारतात, इथलं खास काय? खास पुष्कळ आहे. कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दाण्यावर वाघासारखे पट्टे, आमटी दाट आणि चवीला भरदार. सोबत ज्वारीची भाकरी, खर्डा आणि फोडलेला कांदा. थंडीत बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगोळी. मांसाहार करणाऱ्यांना कांदा-लसूण मसाल्यातलं मटण आणि रस्सा. हे सगळं आमच्या घराघरांत शिजतं, पण हॉटेलाच्या मेनूकार्डावर पहिला मान पनीर बटर मसाल्याचा. खानावळवाल्यांनी रोज एक घेवड्याची थाळी ठेवावी. बचत गटाच्या बायकांना राजवाड्याच्या परिसरात हक्काचे चार गाळे द्यावेत. संध्याकाळी गांधी मैदानाच्या चौपाटीवर भेळ-पावभाजी खायला सारं गाव लोटतं. त्या गर्दीत भाकरी-खर्ड्याची गाडी चालणार नाही, असं मला कुणी पटवून द्यावं.

पेढेसुद्धा पुडा बांधून नुसते पळवू नयेत. कढईशी उभं राहून पाहायला मिळालं तर जरूर पाहावं. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर परतत राहतात. उलथनं थांबलं की खाली लागलाच. पांढरा खवा आधी पिवळसर होतो, मग तांबूस, आणि खमंग वास सुटतो. साखर बेताची, म्हणून दुधाचीच गोडी पुढे येते. चांगला भाजलेला असल्यामुळे पेढा टिकतोही. कारागिराचा दिवस त्या आचेपुढे जातो, हे पाहिलेला माणूस भावावरून घासाघीस करत नाही.

दुसरी सकाळ गावाबाहेरची. पूर्वेला कृष्णा-वेण्णेचा संगम, माहुली. रामशास्त्री प्रभुणे इथले. घाट, दगडी देवळं आणि नदीकाठी थोरल्या शाहूंची समाधी. जवळच त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. मग पुण्याच्या दिशेनं लिंब गाव आणि तिथली बारा मोटांची विहीर. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की ऐन वैशाखातही अंगाला गारवा लागतो. पाण्यालगत छोटेखानी महाल आहे, खांबांवर कोरीव काम आहे. वर मोटा चालायच्या त्या जागा अजून शाबूत आहेत. पाणी खेचणं हे रोजचं काम, पण त्याचीही इतकी देखणी व्यवस्था केली, हे मुलांना पुस्तकातून नाही, त्या पायऱ्यांवर उभं करून शिकवावं.

काही सातारकर म्हणतील, आधीच वाहतूक कोंडी, त्यात आणखी पाहुणे कशाला? त्यांचा त्रास खरा आहे, मीही त्याच रस्त्यानं जाते. पण कोंडी होते ती एकाच दिवशी एकाच घाटाकडे धावणाऱ्या गाड्यांमुळे. रात्रीला राहिलेला माणूस गाडी लावून पेठांतून चालतो, इथे जेवतो, रिक्षा करतो, त्याचा पैसा गावात राहतो. कासलाही हेच हिताचं आहे. २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं ते पठार म्हणजे कातळावरचा मातीचा पातळ थर आहे. तिथे रोजच्या माणसांवर मर्यादा घालावी लागते. हंगाम दोन महिन्यांचा, किल्ला आणि संगम बारा महिन्यांचे.

२०२४ साली लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती पाहायला लांबलांबून माणसं आली. एका वस्तूसाठी लोक येतात, मग अख्ख्या गावासाठी का येणार नाहीत? त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. राजवाड्याची नीट डागडुजी व्हावी. राजवाडा ते चार भिंती चालण्याचा मार्ग पाट्या लावून आखावा. सुट्टीच्या दिवशी स्टँडवरून माहुली आणि लिंबसाठी एक एसटी फिरावी. शिकल्यासवरल्या मुलामुलींना वाटाड्याचं प्रशिक्षण द्यावं. या चार गोष्टी येत्या फुलांच्या हंगामाआधी होऊ शकतात, आणि त्या व्हायलाच हव्यात.