इस की उस?

पन्नाशी उलटल्यावर मी उर्दू शिकायला घेतली. सगळा जन्म औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) गेला, शहागंजातल्या पाट्या रोज दिसायच्या, वाचता मात्र एकही येत नव्हती. लाजच वाटायची.

पहिलं पुस्तक सोपं गेलं. अक्षराच्या वर तिरकी रेघ म्हणजे जबर, 'अ'. तीच खाली आली की जेर, 'इ'. वर स्वल्पविरामासारखं काही दिसलं की पेश, 'उ'. मग उत्साहानं उर्दू पेपर उघडला, तर खुणा गायब! नुसते अलिफ आणि सीन. आता हे 'इस' की 'उस'? शेजारचे चाचा म्हणाले, "पहले मतलब समझो, फिर पढ़ो." अहो चाचा, मतलब कळावा म्हणून तर वाचतोय!

हिब्रूतही हेच आहे म्हणे. तीच तीन अक्षरं 'सेफेर' वाचली तर पुस्तक, 'सापार' वाचली तर न्हावी. तिथल्या स्वरखुणांना निकूद म्हणतात. मुलांच्या पुस्तकांत, कवितांत, प्रार्थनेच्या पोथ्यांत त्या असतात, पेपरात नसतात. आणि सिनेगॉगमधल्या तोराच्या गुंडाळीवरही नसतात! वाचणाऱ्यानं घरून तयारी करून यायचं.

आपलं बरं, लिहितो तसं वाचतो, असं मी ऐटीत म्हणायचो. मग चाचांची नात एकदा शाळेतून रडत आली. तिनं 'जगणं' हा शब्द 'जगन्नाथ'मधल्या ज नं वाचला आणि वर्ग हसला. आता यात तिचं काय चुकलं? छापलेला ज तर एकच आहे. गंमत म्हणजे 'जगणं'च्या ज जवळचा आवाज तिच्या उर्दूत आहे, त्याला वेगळं अक्षरसुद्धा आहे.

माझं स्पष्ट मत आहे की मराठी नव्यानं शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत अशा च, ज, झ खाली टिंब छापावं. शुद्धलेखनवाले भडकतील. भडकोत बापडे. ज्यांना भाषा येते त्यांना खुणा नकोत, मान्य. पण पहिलीच्या पुस्तकालाही तोच न्याय लावायचा आणि वर हसायचं, हे काही बरं नव्हे.

सध्या दुपारी चाचा माझ्या पेपरात पेन्सिलीनं जेर-पेश घालून देतात आणि मी नातीच्या पुस्तकात टिंबं देत बसतो. काल 'जरा' या शब्दाशी अडलो. थोडंसं वाला की म्हातारपण वाला? पुढचं वाक्य वाचून पाहावं लागलं.