तार यंत्राला टेकली तर?

आचऱ्यासारख्या समुद्रकाठच्या गावी दाराची नवी कडीसुद्धा लवकर गंजते. खारी, दमट हवा विजेच्या जोडांनाही सोडत नाही. त्यातच हलत्या तारेचे वेष्टन घासून फाटले, तर उघडी तार यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला टेकते. अशा वेळी यंत्राने काय करावे? माझ्या मते, थांबावे. आणि तशी जोडणी करणे आपल्या हाती आहे.

बाटल्यांत कोकम सरबत भरणारे यंत्र डोळ्यांपुढे आणा. सरकत्या पट्ट्यावरची बाटली नळीखाली आली, की संवेदक म्हणजे सेन्सर नियंत्रकाला खूण पाठवतो आणि नियंत्रक झडप उघडतो. अशा संवेदकाला बहुधा तीन तारा असतात: तपकिरी २४ व्होल्टची, निळी शून्य व्होल्टची आणि काळी खुणेची. आतला ट्रान्झिस्टर येथे बटणाचे काम करतो.

एन.पी.एन. प्रकारात बाटली दिसताच काळी तार शून्याला जोडली जाते. इनपुटचे दुसरे टोक २४ व्होल्टला असल्याने प्रवाह इनपुटमधून काळ्या तारेने शून्याकडे जातो. पी.एन.पी. प्रकारात काळी तार २४ व्होल्टला जोडली जाते व इनपुटचे दुसरे टोक शून्याला असते. यंत्र धडधाकट असताना दोन्ही प्रकार सारखेच चोख काम करतात. मात्र एकासाठी केलेल्या जोडणीत दुसरा बसवला, तर खूण पोहोचत नाही.

खरा फरक कळतो तो बिघाडाच्या वेळी. शून्याची तार सहसा सांगाड्याला जोडलेली असते. म्हणून एन.पी.एन.ची काळी तार सांगाड्याला टेकली, की ती शून्यालाच जोडली गेली! नियंत्रक समजतो, बाटली आली. झडप उघडते आणि सरबत पट्ट्यावर सांडते. पी.एन.पी.ची तार टेकली, तर खूण नाहीशी होते व झडप बंद राहते.

म्हणून किनाऱ्यावरील नव्या यंत्रांत पी.एन.पी. निवडावा, असे मला वाटते. तोही सर्वगुणसंपन्न नव्हे. काळी तार तपकिरी तारेला चिकटली, तर तोही फसेल. माणसाचा हात वाचवायला तर वेगळी सुरक्षा-साधनेच हवीत.

आपल्याकडे या दोन प्रकारांतील फरक आकृतीतल्या बाणाच्या दिशेपुरता उरतो. शिक्षकांनी तो वर्गात दाखवावा. ९ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक पत्र्याच्या झाकणाला जोडा. एल.ई.डी. व १००० ओहमचा रोध एकापुढे एक जोडून त्यांचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला लावा, दुसरे झाकणाला टेकवा. दिवा लागेल. आता एल.ई.डी. उलटा करून तेच पहिले टोक धनाऐवजी ऋण टोकाला लावा व दुसरे झाकणाला टेकवा. दिवा लागणार नाही. पहिली जोडणी एन.पी.एन.ची, दुसरी पी.एन.पी.ची.

यंत्र चालते कसे, हे शिकताना ते बिघडते कसे, हेही शिकायला हवे. चांगली जोडणी बिघाडातही खोटे बोलत नाही.