आजी कुठं आहे?

मंगळवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या वहिनी लेकीच्या लग्नाचा अल्बम घेऊन घरी आल्या. चहा होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग मंगलाष्टकांचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, यात माझी आई कुठं आहे, तेवढं दाखवा."

आजी जतहून आल्या होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. मंगलाष्टकं चालू असताना त्या नातीच्या मागं, मामाच्या दंडाला धरून सगळा वेळ उभ्या राहिल्या. खुर्ची दिली ती नको म्हणाल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो, मला ते लख्ख आठवतंय. अल्बमात त्या जागी मोरपंखी रंगाचा एक डाग आहे. नऊवारीचा रंग कळतो, पण माणूस ओळखू येत नाही. पान उलटलं, पुन्हा डाग. पुढच्या पानावर त्या डागावर विजेच्या माळांचे गोल गोल ठिपके.

फोटोग्राफरच्या कोटेशनात एक ओळ होती: संपूर्ण लग्न प्राइम लेन्सवर. त्याचे वेगळे पैसे लावले होते आणि वहिनींनी ते कुरकुर न करता दिले होते.

या जागेवर मी प्राइमची बाजू अनेकदा घेतली आहे. पन्नासच्या साध्या १.८ भिंगावर वर्षभर काम करा, मग झूमला हात लावा, असं मी नव्या मुलांना सांगत आलो आणि त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. पण ती शिकण्याची गोष्ट होती. तिचं कोटेशनातलं कलम होईल आणि त्या कलमापायी कुणाची आई पुसली जाईल, असं वाटलं नव्हतं. म्हणून या आठवड्यात हाच विषय.

संध्याकाळी त्या फोटोग्राफरला फोन केला. पोरगा गुणी आहे, कष्टाळू आहे. हार्डडिस्क घेऊन लगेच आला. लग्नाला त्याचे दोघे होते, एक कँडिडवाला आणि एक ट्रॅडिशनलवाला. कँडिडवाला म्हणजे तो स्वतः, ८५ मिलिमीटर १.४ घेऊन. ट्रॅडिशनलला त्याचा चुलतभाऊ, २४-७० झूम आणि फ्लॅश. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं त्यानं सकाळीच जुळवली होती, हे त्याचं कौतुक. त्यामुळं शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट बाजूला झाला, त्या एकाच सेकंदाचे दोन फोटो आम्हाला शेजारी शेजारी लावता आले.

८५चा फोटो आधी बघू. नवरीचा डावा डोळा असा टिपलाय की पापण्या मोजाव्यात. मुंडावळ्यांतला डोळ्याजवळचा मोती लखलखतोय, कानाजवळचा विरघळलाय. नवरा समोर आहे, पण तो थोडा पुढं उभा असल्यानं त्याचा चेहरा मऊ झालाय. मागं काहीच नाही, नुसता उजेड. फोटो सुंदर आहे. भिंतीवर लावला तर येणारा-जाणारा थांबून बघेल.

झूमचा फोटो ३५ मिलिमीटरवर, एफ ५.६ला काढलेला. अंतरपाट अर्धा बाजूला गेलाय, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक दुमडलंय. गुरुजींचा अंगठा कापडात रुतलाय. मामाचा हात नवरीच्या खांद्यावर आहे. चार-पाच अक्षता हवेत आहेत, एक नवऱ्याच्या फेट्याच्या कडेला टेकलीय. कोपऱ्यात व्हिडिओवाल्याचं कोपर आलंय. आणि मामाच्या दंडाशी आजी. ओठ उघडे आहेत, गुरुजींच्या बरोबरीनं त्या मंगलाष्टक म्हणत होत्या. एका हातानं दंड धरलाय, दुसरी मूठ वर उचललीय, बोटांच्या फटीतून पिवळ्या अक्षता दिसतात. त्यांनी अजून टाकल्या नाहीत. सगळ्यांच्या टाकून झाल्या, त्यांच्या अजून मुठीत आहेत.

हा फोटो अल्बमात नव्हता. अल्बम कँडिडचा करायचा ठरलं होतं.

आता हिशोब सांगतो, कारण यात नशिबाचा भाग नाही. दोघेही साधारण आठ फुटांवर उभे होते. आठ फुटांवरून ८५ मिलिमीटर १.४ला लावलं तर स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम सात सेंटिमीटरांचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त भरतं. म्हणजे एक अख्खं माणूससुद्धा त्यात मावत नाही. त्याच आठ फुटांवरून ३५ मिलिमीटर ५.६ला लावलं तर तो पट्टा सहा फुटांवर जातो. सहा फुटांत नवरा, नवरी, गुरुजी, मामा आणि आजी, सगळे येतात. लग्न सहा फुटांत होतं, सात सेंटिमीटरांत होत नाही.

कुणी म्हणेल, यात प्राइमचा काय दोष, ८५सुद्धा ५.६ला लावता येतं. येतं की. पण १.४साठी पैसे मोजलेला माणूस ५.६वर येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. खर्च वसूल करायचा म्हणून भिंग सताड उघडं राहतं आणि पाहुणे एकेक करून विरघळतात.

आणि समजा आला ५.६वर, तरी जागेचं काय? ८५नं माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभ्या चौकटीत घ्यायचा तर पंधरा फूट मागं सरकावं लागतं. ३५ला साडेसहा फूट पुरतात. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर पंधरा फूट मागं गेलात तर खाली पडाल. मध्ये होमाचं सामान, करवल्या, दोन लाइटवाले, आहेराच्या पिशव्या सांभाळणारी आत्या. तिथं आपण पाहुणे आहोत, जागा मागायचा हक्क नाही. अंतरपाट दूर व्हायला दोन सेकंद लागतात, लगेच नवरी हार घालते. सगळ्यांना घेणारी रुंद चौकट आणि लगोलग हारावरचे हात, हे झूमच्या कड्यावर मनगटाच्या एका वळणात होतं. भिंग बदलायला सरावलेल्या हातालाही त्याहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात हार गळ्यात पडलेला असतो.

मी शिकलो यशिका मॅटवर. ८० मिलिमीटरचं, ३.५चं, न निघणारं भिंग, १२० रोलवर बारा फोटो. त्या काळी झूम कुणाच्या गळ्यात नव्हता, सगळं गाव प्राइमवरच लग्नं काढत होतं आणि त्याला प्राइम असं नावसुद्धा नव्हतं. पण आम्ही फ्लॅश लावून एफ ८ला काढायचो. म्हणून त्या काळ्या पानांच्या अल्बमांत आज पणजी सापडते, वारलेले काका सापडतात, दाराशी उभी राहिलेली कामवाली मावशी सापडते. वाचकांना माझा जुना हट्ट ठाऊक आहे: फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं नावं लिहा. डागाच्या पाठीवर कुणाचं नाव लिहिणार?

प्राइमची जागा आहे आणि ती दुसरं कुणी घेऊ शकत नाही. पहाटे नवरी खिडकीशी बसून केस विंचरून घेते तेव्हा. देवक बसवताना दहा बाय बाराच्या खोलीत समई आणि एक बल्ब असतो तेव्हा. रात्री गृहप्रवेशाला, माप ओलांडायच्या क्षणी. २.८ आणि १.४ यांत पूर्ण दोन स्टॉप आहेत, म्हणजे चौपट उजेड. झूमला जिथं आयएसओ १२,८०० करावा लागतो तिथं प्राइम ३,२००वर भागवतं आणि समईचा रंग समईचाच राहतो. फ्लॅश मारला की ती ज्योत मेली. तिथं ३५ १.४ काढा, मी स्वतः दार धरून उभा राहीन. फक्त उंबऱ्यापलीकडं ताट घेऊन उभी असलेली सासू चौकटीत असू द्या.

२८-७० एफ २ हे झूम आता आलंय, कॅननचं २०१८पासून आणि सोनीचं २०२४पासून. कॅननचं जवळपास दीड किलो भरतं, सोनीचं साडेनऊशे ग्रॅमच्या आत. ज्याला परवडेल त्यानं घ्यावं. १.४पेक्षा एकच स्टॉप कमी, आणि हाताशी सगळी लांबी. पण ज्यानं तेही दिवसभर २ला उघडं ठेवलं, त्याच्याही अल्बमात आजी सापडायच्या नाहीत.

पोरगा बराच वेळ दोन्ही फोटो आलटून पालटून बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, मी तिकडं बघितलंच नव्हतं. डोळा फोकसमध्ये आला, एवढंच बघत होतो." त्यानं माफी मागितली नाही, सबबही सांगितली नाही, आणि म्हणूनच मला त्याच्याबद्दल आशा वाटते. बावीस तारखेला त्याला कवठे महांकाळला लग्न आहे. २४-७० हातात आणि ८५ दुसऱ्या बॉडीवर खांद्याला, मुहूर्ताला झूम ४च्या खाली उघडायचा नाही, असं आमचं ठरलंय.

आजींचा फोटो बारा बाय अठरा छापायला टाकलाय. तो शनिवारी मिळेल. वहिनी म्हणाल्या, फ्रेम नको, आई जतला परत चाललीय, तिच्या पिशवीत गुंडाळून देते.