समजून घ्या : फ्लाइट सिम्युलेटर अडखळतोय? ग्राफिक्स कार्डाला पैसे मोजण्याआधी ही दहा मिनिटांची तपासणी करा

गेल्या दिवाळीत मी बोनसचे पैसे चुकीच्या जागी खर्च केले. म्हणजे वस्तू चांगली होती, पण दुखणं दुसरीकडेच होतं.

माझे बाबा एसटीचे निवृत्त चालक. कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर आंबा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. विमानात मात्र ते कधीच बसले नाहीत. मी २०१८ मध्ये इंजिनीअरिंगला असताना घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्यांना 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' टाकून दिला आणि त्यांना नवा छंद लागला. कोल्हापूरहून 'सेसना १७२' उडवायचं आणि आंबा घाट वरून बघायचा. पुढे त्यांनी थेट मुंबई गाठायचं ठरवलं, कारण नोकरीमुळे मी मुंबईत राहतो.

अडचण तिथेच आली. मुंबई जवळ आली की चित्र धक्के खात चालायचं. धावपट्टी समोर दिसतेय, विमान खाली येतंय आणि ऐन वेळी स्क्रीन गोठतोय. मी इंजिनीअर! लगेच निष्कर्ष काढला : ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. जवळपास २८ हजारांचं 'आरटीएक्स ३०६०' घेतलं. ते लावायला जुना पॉवर सप्लाय पुरेना, म्हणून तोही बदलला. एवढं करून काय झालं? आंबा घाटावर सेकंदाला २६ फ्रेम मिळायच्या, त्या ४५ झाल्या. मुंबईवर २३ मिळायच्या, त्या झाल्या २७!

सध्या अनेक घरांत हाच घोळ चालू आहे, म्हणून हा लेखप्रपंच. माझं मत सरळ आहे : फ्लाइट सिम्युलेटरसाठी ग्राफिक्स कार्ड जरूर घ्या, पण तपासणी केल्यानंतर घ्या. अनेकदा ते यादीत सर्वांत शेवटी येतं.

हा गेम इतर गेमसारखा का नाही?

फ्लाइट सिम्युलेटर ही मायक्रोसॉफ्टची फार जुनी मालिका. पहिली आवृत्ती १९८२ ची, म्हणजे विंडोजच्याही आधीची. फ्रान्समधल्या 'असोबो स्टुडिओ'ने तयार केलेली नवी आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली आणि त्यानंतरची नोव्हेंबर २०२४ मध्ये. या दोन्हींत बिंग नकाशांच्या आधारे अख्खी पृथ्वी उभी केलेली आहे.

नेहमीच्या मारधाडीच्या गेममध्ये एक ठरावीक मैदान असतं. इथे मैदानाला कुंपणच नाही. विमानाच्या पंखावरचा हवेचा दाब, वारा, ढग, आसपासची विमानं, रस्त्यावरच्या गाड्या, दूरवरचे डोंगर आणि इमारती, कॉकपिटमधले पडदे, या सगळ्याचा हिशेब सतत चालू असतो. हा हिशेब प्रामुख्याने प्रोसेसर करतो. ग्राफिक्स कार्ड त्या हिशेबावरून चित्र रंगवतं.

लाटणारी आणि भाजणारी

होळीच्या दिवशीचं स्वयंपाकघर आठवा. आई पुरणपोळ्या लाटतेय, मावशी भाजतेय. ताटात पोळी येण्याचा वेग दोघींतली जी मागे पडेल तिच्यावर ठरतो. आईचं लाटणंच मंद असेल, तर मावशीला दुप्पट मोठा तवा आणून दिला तरी ती रिकाम्या तव्यापाशी बसून राहणार.

इथे लाटणारा प्रोसेसर आणि भाजणारं ग्राफिक्स कार्ड. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक चित्रासाठी दोघांच्या हाती साधारण ३३ मिलिसेकंद असतात. ६० फ्रेम हव्या असतील तर १७ मिलिसेकंदही पुरते नाहीत. मुंबईसारख्या दाट वस्तीवर इमारती आणि वाहतुकीमुळे लाटणाऱ्याचं काम एकदम वाढतं. घाटावर दरी आणि झाडी असते. तिथे लाटायला कमी आणि भाजायला जास्त. एकाच कॉम्प्युटरवर मला दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं मिळाली, ती यामुळेच.

म्हणून कुणी 'कोणतं कार्ड घेऊ?' असं विचारलं की मी उलट विचारतो, 'तुम्ही उडता कुठे?' मोठ्या शहरांतल्या विमानतळांवर प्रवासी विमानं उतरवणाऱ्याची गरज वेगळी आणि कोकणपट्टीवर छोटं विमान फिरवणाऱ्याची वेगळी.

टास्क मॅनेजर बघून फसू नका

मी तिथेच फसलो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्क्यांच्या आत दिसत होता. मला वाटलं, प्रोसेसर तर आरामात बसलाय.

पण हा आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. सिम्युलेटरचं बरंचसं काम एकामागून एक असंच करावं लागतं आणि ते एका मुख्य धाग्यावर चालतं. त्याला 'मेन थ्रेड' म्हणतात. सहा कोअरच्या प्रोसेसरमध्ये एक कोअर पूर्ण दमला तरी सरासरीत तो फक्त १७ टक्के दिसतो. बाकीचे पाच कोअर त्याची वाट बघत बसलेले असतात. त्यामुळे सिम्युलेटरसाठी प्रोसेसर निवडताना कोअर किती आहेत यापेक्षा एकेक कोअर किती चपळ आहे, हे आधी बघावं.

दहा मिनिटांची तपासणी

यासाठी एक रुपयाही लागत नाही.

१. ज्या ठिकाणी चित्र अडखळतं, तिथेच विमान न्या. मोकळ्या आकाशात केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

२. ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'रेंडर स्केलिंग' १०० वरून ५० करा. चित्र धूसर होईल, होऊ द्या. फ्रेम झपाट्याने वाढल्या, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. फ्रेम जागच्या जागी राहिल्या, तर कार्ड निर्दोष आहे.

३. खात्री हवी असेल तर सेटिंगमध्ये 'डेव्हलपर मोड' सुरू करा आणि वर येणाऱ्या पट्टीतल्या 'डीबग' मेन्यूतून 'डिस्प्ले एफपीएस' निवडा. अडचण 'मेन थ्रेड'ची आहे की 'जीपीयू'ची, हे २०२० च्या आवृत्तीत कोपऱ्यातल्या चौकटीत लिहून येतं.

४. टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी किती भरली आहे ते बघा. दोन्हींपैकी एक जरी काठोकाठ भरली असेल, तर धक्के त्यामुळेच बसत असण्याची शक्यता मोठी आहे.

मी ही तपासणी कार्ड घेतल्यानंतर केली. मुंबईवर रेंडर स्केलिंग निम्मं केलं आणि २७ फ्रेमच्या झाल्या २८. चौकटीत 'मेन थ्रेड' लिहिलेलं होतंच. त्यात रॅम ८ जीबी, तीही एकाच स्टिकमध्ये आणि पूर्ण भरलेली.

बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "गाडी घाट चढंना झाली म्हणून कुणी नवीन टायर घालतंय व्हय? आधी डिझेल पोचतंय का बघायचं." चार वर्षांच्या पदवीत मला हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मग पैसे कुठे घालायचे?

पहिली पायरी फुकटची, सेटिंगची. 'टेरेन लेव्हल ऑफ डिटेल' आणि रस्त्यावरची व आकाशातली वाहतूक हे पर्याय प्रोसेसरवर भार टाकतात. ते कमी करा. ढग, सावल्या आणि रेझोल्युशन यांचा भार मुख्यतः कार्डावर पडतो. अडचण प्रोसेसरची असताना ढग खराब करून घेण्यात काही हशील नाही.

दुसरी पायरी रॅम. २०२४ च्या आवृत्तीसाठी कंपनीने किमान १६ जीबी आणि शिफारस म्हणून ३२ जीबी रॅम सांगितली आहे. एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी लावा. रॅम दुप्पट होते आणि प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळू लागते.

मी सुमारे दोन हजारांत ८ जीबीची दुसरी स्टिक टाकली, 'टेरेन' २०० वरून १०० वर आणलं आणि वाहतूक कमी केली. मुंबईवर २७ च्या ३६ फ्रेम झाल्या आणि स्क्रीनचं गोठणंही थांबलं. २८ हजारांच्या कार्डाने चार फ्रेम वाढवल्या होत्या, दोन हजारांच्या रॅमने आणि फुकटच्या सेटिंगने नऊ.

तिसरी पायरी प्रोसेसर. इथे खर्च मोठा, कारण बऱ्याचदा मदरबोर्डही बदलावा लागतो. एएमडीच्या 'एक्सथ्रीडी' नावाच्या प्रोसेसरमध्ये जास्तीची कॅश मेमरी असते आणि सिम्युलेटरला ती चांगलीच मानवते.

कार्ड आधी घ्यावं, अशी वेळ कधी येते?

दुसरी बाजूही मांडायला हवी. तुमचा मॉनिटर फोर-के असेल, तुम्ही व्हीआर हेडसेट वापरत असाल किंवा वरच्या तपासणीत दोष कार्डाचाच निघाला असेल, तर खुशाल कार्ड घ्या. घेताना त्यावरच्या मेमरीकडे आवर्जून बघा. २०२४ च्या आवृत्तीसाठी किमान ४ जीबी, शिफारस ८ जीबी आणि उत्तम अनुभवासाठी १२ जीबी मेमरी सांगितलेली आहे.

'फ्रेम जनरेशन'चं काय, असंही कुणी विचारेल. एनव्हिडियाच्या ४० मालिकेपासूनची कार्डं दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतः तयार करून घालतात. प्रोसेसर कमी पडत असतानाही त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. हा माझ्या मुद्द्याला खरा अपवाद आहे. पण जॉयस्टिक हलवल्यावर विमान जितक्या वेळात प्रतिसाद देतं, तो वेळ त्यामुळे कमी होत नाही. निसर्ग बघायला हे तंत्र झकास आहे. धावपट्टीवर उतरताना मात्र खऱ्या फ्रेमच कामी येतात.

कार्ड घ्यायचंच ठरलं, तर दुकानात जाण्याआधी या गोष्टी कागदावर लिहा :

• पॉवर सप्लाय किती वॉटचा? 'आरटीएक्स ३०६०' एकटं १७० वॉट घेतं आणि त्यासाठी ५५० वॉटचा सप्लाय सुचवला जातो. माझा ४५० चा होता.

• यूपीएस पेलेल का? घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार उचलतो. विमान हवेत असताना वीज गेली, तर कॉम्प्युटरही जाईल.

• कॅबिनेटमध्ये जागा किती? कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघा.

• मदरबोर्ड जुना आहे का? 'आरटीएक्स ४०६०' सारखी कार्डं आठच लेन वापरतात. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये त्यांची माहितीची वाट निम्मी होते.

• जुनं कार्ड घेताय? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं जुन्या बाजारात आली. बिल आणि शिल्लक वॉरंटी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायलट होऊ पाहणाऱ्यांसाठी

बारामती किंवा गोंदियाला प्रशिक्षणासाठी जायचं स्वप्न बघणारी मुलं घरी महागडं कार्ड मागताना 'अभ्यासासाठी हवंय' असं सांगतात. पालकांनी एवढं लक्षात ठेवावं : घरच्या कॉम्प्युटरवरचे तास परवान्यासाठी लॉगबुकात धरले जात नाहीत. त्यासाठी डीजीसीएची मान्यता असलेलीच यंत्रणा लागते. कॉकपिटमधली उपकरणं आणि क्रम समजून घ्यायला घरचा सिम्युलेटर उपयोगी आहे, यात वाद नाही. पण त्यासाठी स्थिर ३० फ्रेम पुरतात. कर्ज काढून शंभर फ्रेम मिळवण्याची गरज नाही.

मी घेतलेलं कार्ड वाया गेलं असं म्हणणार नाही. आंबा घाट आता खरोखर देखणा दिसतो आणि बाबा वळणावळणावरून गाडीच्या आठवणी सांगतात. पण माझ्या घरी दुखणं मुंबईचं होतं आणि त्यावरचा उपाय दोन हजारांचा होता. कार्ड एखादं वर्ष थांबू शकलं असतं.

परवा बाबांनी कोल्हापूरहून निघून जवळपास दीड तासाने मुंबईच्या धावपट्टी २७ वर विमान टेकवलं. एक आपटी खाल्ली, पण स्क्रीन गोठला नाही. लगेच फोन आला, "पोचलो बघ. आता घरी कसं यायचं?" तुमच्याही घरी दुकानात जायची तयारी चालू असेल, तर आज रात्री आधी रेंडर स्केलिंग ५० करून बघा. काय आणायचं, ते त्यानंतर ठरवा.