सभासदांची भरती-ओहोटी

जून महिन्यात शाळेच्या वाङ्मयमंडळाची नोंदणी सुरू झाली की नावांनी वही भरून जाते. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या बैठकीस मात्र सातआठच मुले उरतात. मग विद्यार्थ्यांच्या अंगी चिकाटी नाही, असे म्हणून आम्ही शिक्षक मोकळे होतो. हे निदान मला अपुरे वाटते.

आपल्या सुरतेचाच दाखला घ्या. १८४४ साली येथे मानवधर्मसभा स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे दोघे शिक्षक तिचे आधारस्तंभ. जातिभेदासारख्या विषयांवर तेथे उघड चर्चा होई. मंत्रतंत्राचा दावा करणारांस तो सिद्ध करण्याचे आव्हान दिले जाई. परंतु १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटास गेले, आणि सभा थांबली. तिचे विचार खोटे ठरले नव्हते. सारा भार दोघांच्याच खांद्यांवर होता.

पुढे मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. तिचा कारभार गुप्त असे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे उघड होण्याच्या भीतीने सभासद पांगले. १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज स्थापन झाला, तो मात्र उघडपणे. त्याचे सभासद नेहमी थोडेच राहिले. तरी उपासना, रात्रशाळा, पंढरपूरचा अनाथाश्रम अशी कामे हाती असल्यामुळे तो टिकला.

तेव्हा ओहोटीची कारणे दोन: एकाकडेच सारे काम आणि मनातील भीती. पहिल्या दोषाचा धनी मी स्वतः आहे. गतवर्षी विषय मी निवडले, भाषणे मी केली, इतिवृत्तही मीच लिहिले. मुलांनी केवळ ऐकण्यासाठी किती दिवस यावे? दुसरे कारण अधिक नाजूक आहे. आपल्यांपैकी कित्येकांच्या घरी अहिराणी बोलतात. बोलताना एखादा उच्चार निसटला की वर्गात हशा पिकतो, आणि तो मुलगा पुन्हा मंडळाकडे फिरकत नाही. माझ्या घरची भाषा कोकणी. तो हशा मीही सोसला आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, येत्या वर्षी प्रत्येक सभासदाकडे एक तरी काम असावे, आणि कोणाच्याही बोलीस हसू नये. मग दिवाळीनंतर वीसच उरले तरी चालेल. उद्या माझी बदली झाली, तरी त्या वीस जणांनी ठरलेल्या दिवशी मंडळाची बैठक भरवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.