हॅम्लेटच्या टेबलावरचा मायक्रोफोन

कुवेतचे आधुनिक नाटक शाळांमधून आले. चाळीसच्या दशकात शर्किया शाळेची नाटकमंडळी होती. मुबारकिया, अहमदिया आणि किबलिया या शाळांच्याही होत्या. १९६१ मध्ये इजिप्तचे झकी तुलैमात यांनी ‘अरब थिएटर’ उभे केले आणि हौशी खटाटोपाला शिस्त आली.

या परंपरेला जगभर फिरवणारी मंडळी सुलेमान अल-बस्साम यांची. १९७२ चा जन्म, वडील कुवेती, आई ब्रिटिश, शिक्षण एडिंबरा विद्यापीठात. १९९६ मध्ये त्यांनी लंडनला ‘झाऊम’ ही संस्था काढली, तर २००२ मध्ये कुवेतला स्वतःच्या नावाची. अभिनेते सीरिया, इराक, लेबनॉन, कुवेत असे कुठकुठले.

२००२ चे ‘अल-हॅम्लेट समिट’ हे मंडळीचे नाव करणारे नाटक. राजवाड्याच्या जागी परिषदेचे सभागृह, प्रत्येक पात्रासमोर टेबल, नावाची पाटी आणि मायक्रोफोन. क्लॉडियस हा पाश्चात्त्यांच्या मर्जीतला हुकूमशहा. त्याची प्रार्थना पेट्रोडॉलरला उद्देशून आहे. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात नसलेला एक शस्त्रांचा दलाल सगळ्यांना गिऱ्हाईक समजतो. हॅम्लेट धर्मांध बंडाकडे वळतो, ऑफेलिया आत्मघाती हल्लेखोर होते. इंग्रजी प्रयोगाला एडिंबरा महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी कैरोच्या प्रायोगिक नाट्यमहोत्सवातही ते गौरवले गेले. अरबी रूप २००४ मध्ये टोकियोत रंगमंचावर आले.

पुढचे ‘रिचर्ड तिसरा : एक अरब शोकांतिका’ २००७ मध्ये थेट स्ट्रॅटफर्डला, रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या महोत्सवात अरबीत झाले. मुख्य भूमिकेत सीरियाचे फायेझ कझाक. आधी सद्दामचा इराक योजला होता, पण नाटक आखाती दरबारात आले ते बरेच झाले. एकाच हुकूमशहाची नक्कल त्याच्याबरोबर शिळी होते. वारसाहक्काचे राजकारण तसे होत नाही. तिसऱ्या ‘द स्पीकर्स प्रोग्रेस’मध्ये साठच्या दशकातील ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा एक बंदी आलेला प्रयोग सरकारी देखरेखीखाली, निव्वळ पुरावा म्हणून, पुन्हा उभा करायचा असतो. नट हळूहळू त्यात खरेच रंगतात आणि देखरेख करणाऱ्यांची पंचाईत होते. तिन्हींत हे सर्वांत खट्याळ आणि कदाचित सर्वांत धारदार.

जुनी कथा आपल्या जगात आणण्याची ही युक्ती मराठी प्रेक्षकाला नवी नाही. आगरकरांच्या १८८३ च्या ‘विकारविलसित’मधला हॅम्लेट चंद्रसेन झाला आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो गावोगाव गाजवला. मात्र तिथे बदलली ती मुख्यतः नावे आणि वेश. अल-बस्साम यांचे खरे पूर्वसूरी आपल्याकडे खाडिलकर. १९०७ च्या ‘कीचकवधा’त कथा महाभारताची होती, पण कीचकाच्या जागी व्हाइसरॉय कर्झन दिसायला प्रेक्षकाला कुणी शिकवावे लागले नाही. सरकारलाही लागले नाही. १९१० मध्ये बंदी आली. अभिजात कथा निष्पाप दिसते, म्हणून ती जिथे थेट बोलता येत नाही तिथे नेता येते. पंचतंत्राचा अरबी अवतार ‘कलीला व दिम्ना’ अल-बस्साम यांनी २००६ मध्ये रंगमंचावर आणला तो याच न्यायाने.

अल-बस्साम यांच्या मंडळीत एक उणीव आहे. तिचे मोठे मुक्काम एडिंबरा, टोकियो, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क असे महोत्सवांचे. तिथला प्रेक्षक अरबी संवाद पडद्यावरच्या अनुवादित ओळींत वाचतो आणि अरब जगाविषयी काही कळेल या अपेक्षेने येतो. ‘अल-हॅम्लेट’मधली धर्मांधता आणि बॉम्ब त्याच्या ठरलेल्या समजुतीला अलगद बसतात. ‘स्पीकर्स प्रोग्रेस’ ही सोय देत नाही, म्हणून ते श्रेष्ठ.

ही तिन्ही नाटके २०१४ मध्ये ‘द अरब शेक्सपिअर ट्रिलॉजी’ या नावाने इंग्रजीत एकत्र प्रसिद्ध झाली. राज्य नाट्यस्पर्धेसाठी संहिता शोधणाऱ्या मंडळींनी, आणि कुवेतच्या मराठी मंडळींनीही, शेवटचे नाटक आधी वाचावे.